प्राण्यांची गोष्ट लिहायची असेल तर आधी माळावर जा

माझ्या पहिल्या गोष्टीतली टिटवी चहा प्यायची. तिला घर होतं, घराला दार होतं, दारात पायपुसणं होतं. जुळे सोलापुरातल्या एका बालवाडीत मी ती गोष्ट वाचत होते, तेव्हा पाच वर्षांच्या एका मुलीनं मध्येच विचारलं, "टिटवी कप कशानं धरती?" मी काही बोलायच्या आत तिनंच पुढं सांगितलं, "आमच्या मागच्या प्लॉटवर टिटवी आहे. तिनं दगडात अंडी घातलीत. जवळ गेलं की वरनं येऊन ओरडती." सगळी मुलं माझ्याकडची नजर काढून तिच्याकडे वळली. त्या दिवशी वर्गात खरी गोष्ट तिच्याजवळ होती.

तेव्हापासून मी गोष्ट लिहायची माझी रीत बदलली. तीच इथं पायरी-पायरीनं सांगते. हे लिखाण गोष्ट लिहायला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी आहे: आई-बाबा, आजी-आजोबा, अंगणवाडीतल्या ताई, वाचनालय चालवणारे, कुणीही. शेवटी तुमच्या हातात १६ पानांचं, हातानं शिवलेलं, प्राण्यांच्या गोष्टीचं एक पुस्तक असेल. चित्रकला उत्तम असायची गरज नाही.

ऐकणारा कोण, ते आधी ठरवा

तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी पानावर एक-दोन वाक्यं पुष्कळ झाली. सहा-सात वर्षांचं मूल चार-पाच वाक्यं ऐकतं आणि स्वतः वाचायचा प्रयत्नही करतं. दोघांसाठी मिळून एकच पुस्तक करायला गेलात तर मोठं कंटाळतं आणि लहान उठून जातं. ओळखीचं एक मूल डोळ्यांसमोर धरा आणि त्याच्यासाठी लिहा.

प्राणी ओळखीचा घ्या, आणि त्याला पाहून या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. नवीन लिहिणारा बहुतेक वेळा सिंहापासून सुरुवात करतो, कारण गोष्टीत सिंह असतो हे आपल्या कानावर लहानपणापासून पडलेलं असतं. आपल्या मुलांनी सिंह पाहिलेला असतो तो फक्त चित्रात. शेळी, मुंगूस, सरडा, बगळा, पोपट, गल्लीतली कुत्री, पत्र्यावरची मांजर मात्र ती रोज बघतात. आणि आपला सोलापूर जिल्हा तर गवताळ माळांचा आहे. शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला नान्नज आहे. १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य तिथलं. माळढोक हा माळावरचा मोठा पक्षी आता अगदी क्वचित दिसतो. काळवीट, लांडगा, खोकड, ससा, चंडोल ही तिथली बाकीची मंडळी. आत जाताना वनखात्याची परवानगी घ्या, आणि जायचं तर उजाडता उजाडता जा.

इतकं लांब जायला जमणार नसेल तर सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी अर्धा तास बसा. कंबर तलावावर जा. थंडीत हिप्परग्याच्या तलावावर पाहुणे पक्षी येतात. सोबत एक छोटी वही ठेवा आणि तीनच गोष्टी लिहा: प्राणी चालतो कसा, घाबरला की काय करतो, आणि खातो काय. "सुंदर", "गोंडस" असं काही लिहू नका; त्याचा गोष्टीत उपयोग होत नाही. "पळताना मध्येच थांबतो आणि मान वळवून बघतो" याचा होतो.

त्या मुलीच्या घरामागची टिटवी मी पुढं चार सकाळी आणि दोन दुपारी पाहिली. लाल गाठीची टिटवी: पिवळे लांब पाय, डोळ्यापुढं लाल मांसल गाठ, चोचही लाल आणि टोकाला काळी. बांधकामासाठी टाकलेल्या खडीत तिनं चार अंडी घातली होती. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. खडीतच थोडा खोलगट भाग, आणि त्यात चार ठिपकेदार अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. माझ्यापासून आठ-दहा पावलांवर होती, तरी ती दिसायला मला पंधरा मिनिटं लागली. नर-मादी पाळीपाळीनं बसत होती. शेळ्यांचा कळप आला तेव्हा बसलेली टिटवी उठून सगळ्यात पुढच्या शेळीच्या तोंडासमोर पंख पसरून उभी राहिली. शेळी थबकली आणि वळली. मागचा कळप पाण्याच्या धारेसारखा दोन्ही बाजूंनी फुटून पुढं गेला. दुपारी उन्हाचा कडाका वाढला तेव्हा दुसरी टिटवी पलीकडच्या हौदापाशी गेली, सांडलेल्या पाण्यात पोट टेकवून बसली, आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसली. टिटव्या अंडी गार ठेवायला असं करतात, ही पक्षिनिरीक्षकांनी नोंदवलेली गोष्ट आहे. मी मात्र ती पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते, आणि माझी नवी गोष्ट मला तिथंच मिळाली.

एक पथ्य पाळा. अंड्यांच्या, पिलांच्या फार जवळ जाऊ नका, तिथं घोळका जमवू नका आणि फोटोसाठी खडे बाजूला सारू नका. रानपक्ष्यांची अंडी उचलणं, घरटं मोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. टिटवी ओरडायला लागली की तुम्ही गरजेपेक्षा जवळ आलात असं समजा आणि मागं सरका.

जुन्या गोष्टींतले स्वभाव जसेच्या तसे उचलू नका

कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, लांडगा दुष्ट. हे साचे कुठून आले ते कळलं की ते बाजूला ठेवणं सोपं जातं. पंचतंत्राची चौकटच अशी आहे की विष्णुशर्मा तीन राजपुत्रांना राजकारण शिकवतो आहे. पहिल्या तंत्रातला, म्हणजे पहिल्या भागातला, पिंगलक सिंह हा राजा, करटक आणि दमनक हे कोल्हे त्याच्या दरबारातले, आणि संजीवक बैलाशी राजाची मैत्री जमली म्हणून दमनक फूट पाडतो. लबाडी आहे ती दरबारातल्या माणसाची. कोल्ह्याच्या अंगावर ती नंतर चिकटली. पुढं आठव्या शतकात ही कथा अरबीत गेली ती या दोन कोल्ह्यांच्याच नावानं, 'कलीला व दिम्ना'. इतक्या जुन्या आणि इतक्या भक्कम साच्याशी झुंजण्यापेक्षा आपल्या माळावरचा खरा प्राणी बघितलेला बरा.

उदाहरणार्थ खोकड. पुष्कळ जण त्याला कोल्हाच म्हणतात. तो कोल्ह्याहून लहान असतो, बिळात राहतो, उंदीर-किडे खातो, बोरंही खातो, आणि त्याच्या झुपकेदार शेपटीचं टोक काळं असतं. बाहेरदेशीच्या चित्रांतला तांबडा, पांढऱ्या शेपूटटोकाचा कोल्हा बघून आपल्या मुलांनी तसंच चित्र काढायचं आणि दाराशी असलेला खोकड कधी ओळखायचाच नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

लांडग्याचं जरा नाजूक आहे. तुमच्या वर्गात मेंढपाळाघरचं मूल असेल तर त्याच्या घरातलं कोकरू लांडग्यानं नेलेलं असू शकतं. त्याला "लांडगा किती प्रेमळ" असं सांगू नका. पण लांडग्याचं अख्खं कुटुंब मिळून पिलांना भरवतं, हेही तितकंच खरं आहे. गोष्टीत दोन्ही येऊ द्या: मेंढपाळाला आपलं कोकरू प्यारं, लांडगीला आपलं पिलू. मुलांना हे पेलतं.

प्राण्यात माणूस किती घालायचा

हे पहिल्या वाक्याच्या आधी ठरवा आणि मग शेवटपर्यंत मोडू नका. काही गोष्टींत प्राणी फक्त प्राण्यासारखा वागतो आणि सांगणारा त्याच्याविषयी बोलतो. काहींत प्राणी एकमेकांशी बोलतात, पण बाकी सगळं त्यांच्या जातीप्रमाणेच करतात. काहींत ते सदरा घालतात, शाळेत जातात, बस पकडतात. तिन्ही प्रकार चांगले आहेत. घोटाळा मिसळ झाली की होतो. मांजर शाळेत डबा नेते आणि त्याच गोष्टीत उंदीर डब्यात असतो, मग दुसरा उंदीर त्याच वर्गात शेजारच्या बाकावर कसा? मूल हा प्रश्न विचारतंच.

नवख्यानं मधला प्रकार घ्यावा असं माझं मत आहे. माझी नवी टिटवी बोलते, पण चहा पीत नाही.

एक गरज, तीन अडथळे

गोष्टीचा सांगाडा एका वाक्यात लिहून भिंतीवर चिकटवा. माझं वाक्य असं होतं: "टिटवीला आपली अंडी गार ठेवायला पाणी आणायचं आहे." एवढंच. आता आडवं काय काय येतं ते लिहा. हौदापाशी कुत्रं झोपलंय. टँकरच्या गळत्या नळाखाली कावळे भांडतायत. तिसऱ्या ठिकाणचं डबकं कालच आटलंय. प्रत्येक अडथळा आधीच्याहून थोडा अवघड हवा, आणि तीन पुरेत. चौथ्याला मुलं पायांशी खेळायला लागतात.

सुटका प्राण्यानं स्वतःच्या गुणानं करून घ्यावी. कुणी दयाळू दादा वाटीत पाणी घेऊन आला आणि प्रश्न सुटला, असं केलंत तर टिटवी गोष्टीतून उठून जाते आणि दादा नायक होतो. माझ्या गोष्टीत ती शेवटी झोपलेल्या कुत्र्याच्याच दिशेनं जाते. पंख पसरून, आरडाओरडा करून कुत्र्याला आपल्यामागं लांब पळवते, आणि तेवढ्यात जोडीदार हौदाकाठी पोट भिजवून घेतो. टिटव्या अशी हूल देतातच.

ही गोष्ट सोलापुरात इतकी लागू का पडते, ते मला वाचताना कळलं. इथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं. "आज पाणी येणार" म्हटलं की घरातली सगळी भांडी बाहेर निघतात. पाण्याची वाट बघणं म्हणजे काय, हे आपल्या चार वर्षांच्या मुलालाही माहीत आहे. तुमच्या गोष्टीतली गरज अशीच मुलाच्या घरातून आलेली असू द्या.

शेवटी तात्पर्य लिहू नका. अगदी हात शिवशिवले तरी नको. गोष्ट नीट झाली असेल तर मूल स्वतःचं काहीतरी घेऊन जातं, आणि ते आपण ठरवलेल्यापेक्षा बहुतेक वेळा वेगळं असतं. गोष्टीसाठी माळढोक निवडणाऱ्यांना हा मोह जास्त पडतो. एका वेळी बहुधा एकच अंडं घालणारा आणि जगातून संपत चाललेला हा पक्षी, त्याच्यावर लिहिताना भाषण सुरू होतं. त्या एका अंड्याविषयी लिहा. बाकीचं मोठं झाल्यावर कळेल.

भाषा: आधी कानाला, मग डोळ्याला

प्राण्यांच्या गोष्टीला आपल्या भाषेनं भरपूर आवाज दिले आहेत. चिवचिव, कावकाव, बें बें, कुकूचकू, गुटर्गू, टिटिव-टिटिव. ते मोकळेपणानं वापरा. एक वाक्य पुन्हा पुन्हा येऊ द्या, म्हणजे तिसऱ्या वेळी मुलं तुमच्याबरोबर म्हणतात. माझ्या पुस्तकात ते आहे: "ऊन वर, अंडी खाली, मध्ये टिटवी." मुलांनी ते दुसऱ्याच फेरीला उचललं.

नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी लिहीत असाल तर जोडाक्षरं जपून वापरा. 'तृष्णा' कशाला, 'तहान' आहे ना. 'प्रतीक्षा' नको, 'वाट बघणं' घ्या. वाक्य छोटं असलं तरी तुटक नको. मोठ्यानं वाचताना श्वास कुठं घ्यायचा हे आपोआप कळलं पाहिजे. बोलणं घरातलं असू द्या. आमच्या गोष्टीतलं कुत्रं विचारतं, "काय करायलीस गं इथं?" आणि मुलं खूश होतात, कारण त्यांच्या गल्लीत असंच विचारतात.

आणखी एक, खास आपल्या शहराचं. एकाच वर्गात घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं असतात. मांजर दाखवली की कुणी 'पिल्ली' म्हणतं, कुणी 'बेक्कु', कुणी 'बिल्ली'. त्यांना दुरुस्त करू नका. उलट पुस्तकाच्या शेवटच्या पानावर गोष्टीतल्या प्राण्यांची चारही भाषांतली नावं देवनागरीत लिहा, आणि ती वर्गातल्या मुलांच्या आज्यांना विचारून आणा. पूर्व भागातल्या एका घरात असं एक नाव विचारायला गेले तेव्हा यंत्रमागाच्या खडखडाटात तीनदा ओरडून विचारावं लागलं. उत्तर मिळालं, वर टिटवीची एक आख्खी गोष्टही मिळाली: आभाळ पडलं तर झेलायला ती पाय वर करून झोपते म्हणे. मराठी घरांतही हे सांगतात. आज्यांकडे जाच.

चार कागदांची कच्ची प्रत

ए-४ आकाराचे चार कोरे कागद घ्या, एकात एक ठेवून मधोमध दुमडा. १६ पानं झाली. कोपऱ्यात पेन्सिलनं आकडे घाला. पान १ वर नाव. २-३ पासून १४-१५ पर्यंत समोरासमोरच्या सात जोड्या, आणि १६ वर चार भाषांतली नावं. म्हणजे गोष्टीला सात उघड्या चौकटी मिळाल्या. पहिलीत टिटवी आणि अंडी, दुसरीत ऊन, पुढच्या तिनांत तीन अडथळे, सहावीत कुत्र्याला दिलेली हूल, सातवीत ओलं पोट अंड्यांवर.

उजव्या पानाचा शेवट महत्त्वाचा, कारण तिथं पान उलटायचं असतं. "हौदाच्या मागं कोण होतं?" हे उजवीकडे खाली, आणि कुत्रं पान उलटल्यावर. नवख्यांच्या प्रतीत कुत्रं त्याच पानावर दिसतं आणि मग उलटायला काही उरत नाही.

पक्की प्रत करताना कागद सुटे करून दोन्ही बाजूंनी लिहावं लागतं, तेव्हा पानं उलटीपालटी होण्याची भीती असते. एक खूण लक्षात ठेवा: कागदाच्या एका बाजूवर येणाऱ्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज नेहमी १७. सगळ्यात बाहेरच्या कागदावर १६ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि १५. सगळ्यात आतल्यावर १० आणि ७, पाठीवर ८ आणि ९.

चित्रं

शब्दांत जे सांगितलं तेच चित्रात पुन्हा नको. "टिटवीला ऊन लागलं" लिहिलंत तर चित्रात सावली शोधत कडेला गेलेली पाल दाखवा. टिटवी सगळ्या पानांवर सारखी दिसावी म्हणून तिच्या दोन खुणा पक्क्या करा. आमच्या टिटवीला पिवळे पाय आणि लाल गाठ. बाकी चुकलं तरी मुलं ओळखतात.

चित्र जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी सोलापुरातच एक वाट आहे. चादरीवरचा मोर जवळून बघा. तो चौकटी-चौकटींनी बनलेला असतो, कारण जॅकार्ड मागावर नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात आणि मग तिची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं करतात. गणिताची चौकटीची वही घ्या आणि एकेक चौकट रंगवत प्राणी उभा करा. शेळी, मांजर, टिटवी, सगळं जमतं. सात वर्षांची मुलं तर हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात. चादरीच्या, टॉवेलच्या चिंध्या मिळाल्या तर खळीनं चिकटवा. मेंढीच्या अंगाला टॉवेलचा तुकडा इतका छान बसतो की मूल पानावरून हात फिरवत राहतं. अशी प्रत मूळ म्हणून एकच राहील, बाकीच्या रंगीत झेरॉक्स.

अक्षर मोठं आणि काळं ठेवा, आणि ते चित्रावर न लिहिता मोकळ्या जागेत. संगणकावर करत असाल तर लहान मुलांसाठी २० ते २४ पॉइंटच्या आसपास आणि ओळींमध्ये भरपूर जागा, कारण वेलांट्या, उकार आणि मात्रा एकमेकांना भिडल्या की नवं वाचणारं मूल अडखळतं.

शिवण्याआधी वाचून बघा

कच्ची प्रत किमान दोन वेगवेगळ्या घोळक्यांना वाचून दाखवा. "आवडली का?" असं विचारू नका; मुलं हो म्हणतात. त्यांच्याकडे बघा. खिडकीकडे नजर गेली त्या पानावर पेन्सिलनं टिंब करा. दोन्ही वेळा एकाच पानावर टिंब आलं तर ते पान बदला. कुणी प्रश्न विचारला तर तो जसाच्या तसा लिहून घ्या. कपाचा प्रश्न मी लिहून घेतला नसता तर आज ही गोष्ट नसती.

शिवण

मुखपृष्ठाला जाड कार्डशीट. मधल्या घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा: एक मध्यात, दोन वरच्या-खालच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटर आत. मेणदोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, टोक आत लोंबतं ठेवा. बाहेरून वरच्या भोकात आत घ्या, आतून सरळ खालच्या भोकातून बाहेर काढा, आणि बाहेरून पुन्हा मधल्या भोकात आत आणा. आतला लांब टाका दोन्ही टोकांच्या मध्ये धरून गाठ मारा. पिना मारल्या तरी चालतं, फक्त त्यांची टोकं नीट दाबा, लहान बोटं तिथंच जातात.

गावाकडची जुनी लोककथा तुमच्या शब्दांत सांगायला मोकळीक आहे. पण अलीकडच्या लेखकाची गोष्ट किंवा टीव्हीवरचा प्राणी उचलू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या पश्चात साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात. पुस्तक पुढं विकायचं ठरलं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, केंद्र सरकारकडून मोफत मिळतो. घरच्या, शाळेच्या प्रतींना त्याची गरज नाही.

पहिल्या दहा प्रतींतली एक त्या मुलीला दिली. तिनं मुखपृष्ठ बघितलं, मग सरळ अंड्यांचं पान काढून एक, दोन, तीन, चार असं बोट ठेवून मोजलं. मग म्हणाली, "बरोबर आहेत." आता तिला दुसरी गोष्ट हवी आहे. पिलं अंड्यातून निघाल्या निघाल्या पळतात आणि आईनं हाक दिली की जागच्या जागी दगड होऊन बसतात, हे तिनं बघून ठेवलंय. वही माझी, निरीक्षण तिचं. पुढच्या रविवारी सकाळी सहाला तिच्या घरामागं जायचं ठरलं आहे.